गुडघ्यातले पोटभाडेकरू



आमच्या चाळीत तळमजल्याला भाजी विकणाऱ्या एक मावशी राहतात. तीस वर्षे पहाटे मार्केटातून पाटी उचलायची आणि दिवसभर नाक्यावर उकिडवे बसायचे, हा त्यांचा धंदा. पन्नाशीनंतर दोन्ही गुडघे बोलू लागले. उजवा तर इतका वाकडा झाला की मोरीपर्यंत जायलाही भिंत धरावी लागे. शेवटी लेकाने उसनवार केली, थोडी सवलत मिळाली आणि एका रुग्णालयात मावशींचा उजवा गुडघा बदलला. तिसऱ्या दिवशी वॉकर घेऊन त्या उभ्या राहिल्या. आम्ही भेटायला गेलो तेव्हा म्हणाल्या, "भाऊ, आता पंधरा वर्षं चिंता नाही."

चौदाव्या दिवशी टाके निघाले. सतराव्या दिवशी जखमेच्या खालच्या टोकाला ओलसर दिसू लागले. पातळ, पिवळसर लस. ताप नाही, फारसा ठणकाही नाही. ऑपरेशन झालेले रुग्णालय लांब. दोन गाड्या बदलायच्या, पुढे रिक्षा आणि लेकाचा एक खाडा. म्हणून गल्लीतल्या डॉक्टरांकडे दाखवले. त्यांनी पाच दिवसांच्या कॅप्सूल दिल्या. लस थांबली. दहा दिवसांनी पुन्हा आली, पुन्हा कॅप्सूल. तिसऱ्या वेळी तर डॉक्टरही नाही. जुने पाकीट दाखवून ऑफिसातून येताना औषधाच्या दुकानातून त्याच कॅप्सूल आम्हीच आणून दिल्या आणि वर सांगितले, "मावशी, कोर्स पूर्ण करा म्हणजे झाले."

जखम वरून सुकली, पण गुडघा सुकला नाही. रात्री ठणका, सकाळी सूज, पाऊल टाकताना कळ. आठव्या महिन्यात मावशी कागदांची पिशवी घेऊन आमच्या दारात आल्या. वस्तीतले अर्ज, दाखले, फॉर्म आम्ही लिहितो म्हणून. कागद तारखेप्रमाणे लावताना डिस्चार्ज कार्ड हाती आले. त्यावर इंग्रजीत चौथी ओळ होती : जखमेतून स्राव आला, तर ताबडतोब येऊन दाखवा.

आम्ही बी. कॉम. झालेले कारकून. दुसऱ्यांचे कागद वाचण्याचा पगार घेतो. शेजारच्या घरातला हा एक कागद मात्र आम्ही वेळेवर वाचला नाही. त्या चुकीपायी मावशींचे किती नुकसान झाले, ते पुढे सांगतोच. आम्ही डॉक्टर नाही. पण त्यानंतर या विषयावर जे वाचले, डॉक्टरांना विचारले आणि मावशींबरोबर ओपीडीच्या बाकड्यावर बसून पाहिले, ते वाचकांपुढे ठेवतो.

गुडघ्यात जंतू राहतात का?

आपल्या कातडीवर, नाकात, तोंडात, आतड्यात कोट्यवधी जंतू राहतात. त्यातले बरेचसे निरुपद्रवी, काही तर उपयोगाचेही. गुडघ्याचा सांधा मात्र बंद खोलीसारखा आहे. भोवती पिशवी, तिच्या आत मऊ अस्तर आणि त्यातून पाझरणारे चमचाभरसुद्धा नसलेले वंगण. ही खोली पूर्णपणे निर्जंतुक असते, असेच पिढ्यान् पिढ्या शिकवले गेले. अलीकडच्या काही वर्षांत जंतूंचा जनुकीय ठसा शोधणाऱ्या तपासण्या आल्या. कधीही संसर्ग न झालेल्या, केवळ झिजलेल्या गुडघ्यांतही जंतूंचे ठसे सापडल्याचे काही संशोधकांनी म्हटले. दुसरे म्हणतात, हे मेलेल्या जंतूंचे तुकडे असतील, किंवा सुई, कातडी, प्रयोगशाळेतून आलेली भेसळ असेल. ही तपासणी जिवंत आणि मेलेला असा भेद करीत नाही. हा वाद अजून मिटलेला नाही.

आपल्या कामाची गोष्ट मात्र ठरलेली आहे. जिवंत जंतू सांध्यात शिरून वाढू लागले, तर तो आजार आहे, मग गुडघा स्वतःचा असो की बसवलेला. स्वतःच्या गुडघ्यात रक्तावाटे जंतू शिरले, तर गुडघा एकाएकी सुजतो, तापतो, हलवता येत नाही. ही तातडीची अवस्था आहे. काही दिवसांत कूर्चा खराब होते. क्षयाचा जंतूही गुडघ्यात घर करतो, पण त्याचे काम सावकाश चालते. महिनोन् महिने सूज राहते, मांडी बारीक होत जाते आणि घरचे 'वात आहे' म्हणून तेल चोळत बसतात. एकाच गुडघ्याची सूज महिनाभर उतरत नसेल, तर दाखवलेच पाहिजे.

या क्षयाशी गुडघेबदलाचा फार जुना संबंध आहे. १८९० साली बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लेस ग्लुक नावाच्या शल्यचिकित्सकाने क्षयाने खाल्लेला गुडघा काढून तिथे हस्तिदंताचा, दाराच्या बिजागरीसारखा सांधा बसवला. कल्पना काळाच्या पुढची होती. सुरुवातीला रोगी बरेही दिसले. पण आत क्षयाचा जंतू जिवंतच होता. हळूहळू पू झाला आणि सांधे वाया गेले. ज्या सांध्यात जंतू आहेत तिथे परकी वस्तू बसवून चालत नाही, हा धडा तेव्हाच मिळाला.

धातूवर जंतूंचे फावते का?

मावशींचा प्रश्न साधा होता. "भाऊ, भाजी निवडताना बोट कापलं तर आपोआप भरतं. मग एवढ्या मोठ्या दवाखान्यातली जखम का नाही भरली?"

याचे उत्तर १९५७ साली इंग्लंडमध्ये एलेक आणि कॉनेन या दोघांनी केलेल्या प्रयोगात आहे. स्वखुशीने पुढे आलेल्या माणसांच्या कातडीत त्यांनी स्टॅफिलोकॉकस हा पू करणारा जंतू टोचला. नुसत्या कातडीत पू व्हायला लाखो जंतू लागले. पण तिथे टाक्याचा रेशमी दोरा असला, की शंभरएक जंतूही पुरले! परकी वस्तू शरीरात असली की जंतूंचे काम एवढे सोपे होते. दोऱ्याची ही कथा, तर मग गुडघ्यातल्या धातूच्या आणि प्लॅस्टिकच्या सांध्याची काय?

कारण असे की, आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. त्या रक्तावाटे येतात. हाडात, मांसात रक्तवाहिन्या आहेत, धातूत नाहीत. १९८७ साली अँथनी ग्रिस्टिना या अमेरिकी डॉक्टरांनी याला शर्यतीची उपमा दिली. नवा सांधा बसवला की त्याच्या पृष्ठभागावर आधी कोण पोचणार, शरीराच्या पेशी की जंतू? पेशी आधी पोचल्या तर सांधा आपला होतो. जंतू आधी पोचले तर ते तिथे बिऱ्हाड थाटतात.

ते बिऱ्हाड कसे असते, हे ज्यांच्या घरी मातीचा माठ आहे त्यांना वेगळे सांगायला नको. माठ रोज विसळला तरी घासला नाही, तर आठवड्याने आत हात घातल्यावर बुळबुळीत लागते. पाणी बदलते, बुळबुळीतपणा राहतो. सांध्यावर चिकटलेले जंतू असाच चिकट थर स्वतःभोवती करतात. इंग्रजीत त्याला बायोफिल्म म्हणतात. त्या थराखाली जंतू जवळजवळ झोपून असतात, फारसे वाढत नाहीत. वाढणाऱ्या जंतूंना मारणारी बरीचशी औषधे त्यांच्यावर चालत नाहीत. मोकळ्या जंतूला मारायला जेवढे औषध लागते, त्याच्या शेकडो पटींनी ते या थरातल्या जंतूला लागू शकते. तेवढे औषध माणसाला देता येत नाही.

आता आमच्या कॅप्सूलनी काय केले, ते लक्षात येईल. रक्तात आणि लसेत मोकळे फिरणारे जंतू त्यांनी मारले. म्हणून लस थांबली आणि आम्ही खूश झालो. धातूवर चिकटलेले जंतू जागेवरच राहिले. पोटभाडेकरू काही दिवस दिवा मालवून गप्प बसला, एवढेच. दुसरे नुकसान त्याहून मोठे. औषध पोटात असताना गुडघ्यातले पाणी तपासले, तर जंतू असूनही प्रयोगशाळेत उगवत नाहीत. म्हणजे चोर घरात आणि पंचनाम्यात 'कोणी आढळले नाही'.

तीन आठवड्यांचा हिशेब

गुडघा बदललेल्या शंभर माणसांत साधारण एक-दोघांना असा खोलवरचा संसर्ग होतो. अठ्ठ्याण्णव जण या वाटेला जात नाहीत, म्हणून ऑपरेशनला घाबरून वर्षानुवर्षे रांगत राहण्याचे कारण नाही, हे आम्ही मुद्दाम सांगतो. पण ज्या एक-दोघांना होतो, त्यांच्या बाबतीत सगळा खेळ दिवसांचा असतो.

ऑपरेशननंतर पहिल्या तीन-चार आठवड्यांत संसर्ग लक्षात आला, तर जंतूंचा थर अजून कोवळा असतो. गुडघा पुन्हा उघडतात, भरपूर पाण्याने धुतात, खराब मांस काढतात, मधला प्लॅस्टिकचा तुकडा बदलतात. हाडात बसलेला धातू बहुतेक वेळा तसाच ठेवून वाचवायचा प्रयत्न करता येतो. पुढे काही आठवडे औषधे. एक ऑपरेशन.

उशीर झाला, थर पक्का झाला, की धातू ठेवून भागत नाही. तेव्हा सर्वसाधारणपणे दोन ऑपरेशने लागतात. पहिल्यात सांधा आणि त्याचे सिमेंट काढून तिथे प्रतिजैविक औषध मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवतात. हाडाच्या सिमेंटात औषध मिसळण्याची ही युक्ती जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये बुखहोल्झ यांनी १९७० च्या सुमारास रूढ केली. मग साधारण सहा आठवडे औषधे, बरीचशी इंजेक्शने. रक्त आणि जखम ठीक झाल्यावर दुसऱ्या ऑपरेशनात नवा सांधा. काही ठिकाणी निवडक रोग्यांत हे एकाच ऑपरेशनात करतात, पण तेही मोठेच.

मावशींचे दुसऱ्या मार्गाने झाले. आम्ही त्यांना एका मोठ्या सरकारी रुग्णालयात घेऊन गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरांनी सगळे कागद पाहिले आणि पहिली गोष्ट सांगितली, "आजपासून दोन आठवडे एकही अँटिबायोटिक नाही." मग सुईने गुडघ्यातले पाणी काढले. रक्ताच्या सीआरपी आणि ईएसआर या दोन साध्या तपासण्या झाल्या. पाण्याचा नमुना दोन आठवडे ठेवला, कारण थरातले आळशी जंतू सावकाश उगवतात. उगवला तो स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस. म्हणजे तुमच्याआमच्या कातडीवर बारमाही राहणारा, एरवी कोणाच्या अध्यात ना मध्यात असलेला जंतू.

पहिला सांधा निघाला. दुसरा बसेपर्यंत चार महिने गेले. त्या चार महिन्यांत भाजीची पाटी बंद, सून कामावरून घरी, लेकाची उचल दुप्पट. आज मावशी काठी घेऊन चालतात. रात्रीचा ठणका गेला. पण गुडघा पहिल्याइतका वाकत नाही. धंद्याला त्या आता उंच स्टुलावर बसतात आणि पाटी लेक उचलून देतो. सतराव्या दिवशीच आम्ही रिक्षाचे भाडे देऊन त्यांना गाडीत बसवले असते, तर हा एवढा खर्च कदाचित एका रकान्यात मावला असता. 'कदाचित' म्हणतो, कारण वेळेवर धुऊनही प्रत्येक सांधा वाचतोच असे नाही. पण संधी होती, ती आपण घालवली, हे आम्हाला विसरता येत नाही.

स्वच्छतेने फरक पडतो

यात नशिबाला बोल लावण्यासारखे काही नाही. इंग्लंडमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली यांनी १९६० च्या सुमारास खुब्याचे सांधे बदलायला सुरुवात केली, तेव्हा शंभरात सात-आठ जणांना संसर्ग होई. त्यांनी ऑपरेशनच्या जागेची हवाच गाळून घ्यायला सुरुवात केली. डॉक्टरांच्या अंगावर बंद पोशाख आले. आकडा खाली खाली येत शंभरात एकाच्याही आत आला. पुढे १९८२ साली ब्रिटनमध्ये आठ हजारांहून अधिक खुबे-गुडघ्यांच्या ऑपरेशनांची तुलना प्रसिद्ध झाली. साध्या हवेच्या थिएटरात शंभरात दीड, तर अतिशुद्ध हवेच्या थिएटरात शंभरात ०.६ संसर्ग. म्हणजे काळजी घेतली की आकडा हलतो. थिएटरातली काळजी डॉक्टरांची. पण काही काळजी आपल्या हातात आहे.

ऑपरेशनच्या आधी

* मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणल्याशिवाय घाई करू नये. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी करून घ्यावी.
* विडी-सिगारेट निदान महिनाभर आधी बंद. धुराने जखम भरायला वेळ लागतो.
* पायाच्या चिखल्या, टाचांच्या खोल भेगा, नखुरडे, अंगावरचे गळू, किडलेला दात, लघवीची जळजळ हे सगळे आधी डॉक्टरांना सांगावे आणि बरे करून घ्यावे. पाण्यात, चिखलात काम करणाऱ्यांनी पायाची बोटे उघडून दाखवावीत. लाजू नये.
* गुडघ्यात दुखण्याचे इंजेक्शन घेतले असेल, तर तारीख सांगावी. अशा इंजेक्शननंतर निदान तीन महिने सांधा बदलू नये, असे सांगतात.
* घरी ब्लेडने गुडघ्याचे केस काढू नयेत. बारीक कापातून जंतू शिरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली हे स्पष्ट सांगितले आहे. आदल्या दिवशी आणि त्या दिवशी साबणाने स्वच्छ आंघोळ करावी.
* पैशाची चौकशी आधी करावी. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या औषध मूल्य प्राधिकरणाने गुडघ्याच्या सांध्याच्या किमतीला मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला तेव्हा ५४,७२० रुपये आणि वर कर अशी कमाल किंमत ठरली होती. म्हणून बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागावी. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत किंवा कामगार विम्यात आपली केस बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे.

ऑपरेशननंतर

* डिस्चार्ज कार्ड घरात शिकलेल्या मुलाकडून त्याच दिवशी मराठीत वाचून घ्यावे. मुलगा नसेल तर शेजारी जावे. 'काय झाले तर लगेच यायचे, आणि कोणत्या फोनवर बोलायचे?' हा प्रश्न वॉर्ड सोडण्याआधी विचारून उत्तर कार्डावर लिहून घ्यावे.
* जखमेवर हळद, खोबरेल, राख, मलम काही लावू नये. चोळणाऱ्या बाईला बोलावू नये.
* टाके निघाल्यावरही ओल दिसली, लस किंवा पू आला, लाली पसरली, कमी होत आलेली सूज किंवा दुखणे पुन्हा वाढले, तर ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडेच जावे, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. ताप नाही म्हणून थांबू नये. मावशींना एक दिवसही ताप आला नव्हता.
* गुडघ्यातले पाणी तपासायला घेण्याआधी स्वतःच्या मनाने किंवा दुकानातून अँटिबायोटिक घेऊ नये. आधी नमुना, मग औषध. रोगी फार आजारी असेल, गुंगीत असेल, तर गोष्ट वेगळी, ते डॉक्टर ठरवतील. तेव्हा सरळ रुग्णालय गाठावे.
* डॉक्टरांनी दिलेले औषध मात्र सांगितले तितके दिवस घ्यावे.
* वर्षांनंतरही सावध राहावे. पायाची चिघळलेली जखम, गळू, लघवीचा जोरदार संसर्ग यातून जंतू रक्तात उतरून जुन्या सांध्यावर बसू शकतात. चांगला चालणारा गुडघा एकाएकी सुजला, तापला, तर 'जुना आहे, दुखणारच' असे म्हणू नये.

शेजाऱ्याच्या दुखण्यात धावून जाण्याची आपल्या वस्तीची रीत चांगली आहे. औषध आणून द्यायला आपण सगळेच तयार असतो. त्याआधी एक काम करावे. कागद वाचावा, आणि वाचलेले त्या माणसाला समजेल असे सांगावे. मावशींच्या खोलीत आता भिंतीवर कॅलेंडर आहे. डावा गुडघाही पुढेमागे बदलावा लागेल, असे डॉक्टर म्हणतात. परवा आम्ही विचारले, "मावशी, भीती वाटते का?" म्हणाल्या, "भीती कसली भाऊ? या खेपेला कागद तू पहिल्याच दिवशी वाच म्हणजे झालं."

आम्ही हो म्हटले आहे.